मुका पट्टा

"ऊठ. नाहीतर पांघरूण ओढून वाळत घालीन, तुझ्यासकट."

"अहो, त्या खुर्चीलाही कधीतरी एकटं बसावंसं वाटत असेल."

घोट्याच्या वर मोज्याच्या इलॅस्टिकचा वण. मोजा काढून बराच वेळ झाला, तरी वण भरून आलेला नाही.

"पप्पा, मी दहापासून उलटं मोजतेय हां."

दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली लिफ्ट. आत कुणी नाही. तरी आतून दार वाजतंय, म्हणून मिस्त्रीला बोलावलं आहे.

"येतेस की जाऊ मी?" (मैत्रीण. वारली. वाक्य वापरायला हरकत नाही.)

*

यातला मोजा आणि लिफ्ट सोडली तर बाकी सगळं एकाच टेबलावर येऊन पडत असे. टेबल तिचं होतं. ऑफिसात तिला वाक्यवाली म्हणत. तोंडावरही म्हणत, तिलाही त्याचं काही नव्हतं.

काम असं. खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत एवढाच प्रवास करणाऱ्या मोठ्या माणसांना उठवायचं आणि चालतं करायचं. त्यासाठी एक ॲप होतं आणि मनगटावर घालायचा एक पट्टा. माणूस फार वेळ बसून राहिलं की पट्टा दोनदा थरथरायचा आणि त्याच्या बोटभर काचेवर एक वाक्य उमटायचं. ते वाक्य ती लिहायची.

सुरुवातीला तिने डॉक्टरी वाक्यं लिहून पाहिली होती. चालणं हृदयाला चांगलं, वगैरे. त्यांनी कुणी ढिम्म हलत नसे. मग तिला एक युक्ती सुचली. नाव नोंदवतानाच प्रत्येकाला विचारायचं, तुमच्या घरात तुम्हाला उठवायचं कोण, आणि काय म्हणून? तेच वाक्य जरा नीटनेटकं करून पट्ट्यावर पाठवायचं. याला ऑफिसात 'घरचं वाक्य' असं नाव पडलं. घरच्या वाक्याला माणसं उठत. तक्रार करत, डोळे पुसत, पण उठत.

वाक्यं म्हणणारी बरीचशी माणसं आता नव्हती. "उठवणारी आधी जातात आणि बसणारी मागे राहतात," असं तिथल्या मॅडम एकदा चहा ढवळता ढवळता म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या. चमचा तसाच हातात राहिला.

एका बाईंनी कळवलं होतं: मेसेज येतो तेव्हा मी उठते. मग उभी राहते. मग पुढे काय करायचं ते कळत नाही.

ऑफिसने त्याची नोंद 'प्रतिसाद उत्तम' अशी केली.

*

आता मुक्या गटाबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट तिथेच घडली.

हे सगळं खरोखर उपयोगी पडतं की नाही हे सिद्ध करायचं होतं. म्हणून निम्म्या लोकांना बोलके पट्टे दिले आणि निम्म्यांना मुके. मुका पट्टा दिसायला अगदी तसाच. फक्त त्याची थरथर बंद केलेली आणि काच कोरी. माणूस किती हलतंय तेवढं तो गुपचूप टिपून घ्यायचा. कुणाला कुठला पट्टा, हे मशीन ठरवायचं. चाचणी संपली की मुक्यांचेही पट्टे बोलके करायचे, असं ठरलेलं होतं. तोवर त्यांना एक अक्षर पाठवायचं नाही.

मशीनने दादाला मुका पट्टा दिला.

दादा तिचा सख्खा थोरला भाऊ. जन्मभर लिफ्टची दुरुस्ती केली. पाय दुखले की म्हणायचा, "मी लोकांचे जिने वाचवले, आता मला कुणी चढायला लावू नका." वहिनी गेल्यापासून तो खुर्चीत बसला तो बसलाच. पोटरीत रक्ताची गाठ झाली. डॉक्टर म्हणाले, "ही विरघळली. पुढची वर सरकली तर मला फोन करायलाही वेळ मिळणार नाही. चाला." दादाने मान डोलावली, घरी आला आणि बसला.

तेव्हा तिनेच त्याचं नाव घातलं. घरचं वाक्य विचारलं तर म्हणाला, "असलं काही नव्हतं आमच्यात." ती जागा रिकामीच राहिली.

"मॅडम, माझा भाऊ आहे तो. त्याला बोलक्यात टाका ना."

"भाऊ आहे म्हणूनच नाही."

"पायात गाठ झाली होती त्याच्या."

"इथे कुणाच्या काय नाही, सांग."

सगळ्यांच्या नोंदींची पानं तिच्याच पडद्यावर उघडत. परक्या माणसांना उठवण्यासाठी ती दिवसभर शब्द जुळवत बसायची आणि मधूनच दादाचं पान काढून बघायची. हालचालीची रेघ सरळ. पट्टे दुरुस्त करणारा तंत्रज्ञ मागून डोकावला आणि म्हणाला, "मुडद्याची पण एवढी सरळ येत नसेल." मग त्याने जीभ चावली आणि तिच्यासाठी कॉफी आणली.

*

मसुदा: उठताय ना?
मसुदा: उठा बरं.
मसुदा: मी आहे.
(तिसरा खोडला. पट्ट्याने 'मी' म्हणायचं नाही, असा नियम आहे.)

*

मग दादाची रेघ हलली.

आधी दुपारचा एक उंचवटा आला. दुसऱ्या दिवशी दोन. पुढे पुढे तर टेकड्यांची ओळच. तिने पान पुन्हा पुन्हा उघडलं, दुसऱ्याच कुणाचं तर नाही ना म्हणून. त्याचंच होतं.

सुट्टीच्या दिवशी ती त्याच्याकडे गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. खुर्ची रिकामी. उशीत त्याच्या बसण्याचा खळगा तेवढा होता.

"दादा?"

"इकडे आहे. स्वयंपाकघरात. थांब, तिकडेच येतोय."

तो आला, तिच्या शेजारून पुढे गेला, खिडकीपाशी पोचला, तिथून आतल्या खोलीत. वहिनीचा पलंग होता त्या जागी थांबला. पलंग केव्हाच हलवला होता, फरशीवर चार पायांचे चार फिके ठिपके उरले होते. तिथून वळून तो खुर्चीपाशी आला आणि धापा टाकत बसला. चेहऱ्यावर रंग होता.

"हे काय नवीन?"

"तुझंच की. पट्टा."

"पट्टा काय करतो?"

"उठवतो. टकटक करतो ना, दोनदा. मग उठायचं, एक चक्कर मारायची, यायचं. बघ, तूच चिकटवलंस आणि तूच विचारतेस."

ती पुढे वाकली. "कुठे करतो टकटक?"

त्याने मनगट उलटं केलं. पट्ट्याची काच वरच्या बाजूला होती. त्याने बोट ठेवलं ते आतल्या बाजूला, नाडीच्या जरा खाली. "इथे."

"दादा, कधी कधी नुसताच भास होतो. लोकांना खिशात फोन नसतानाही—"

"भास मला शिकवू नकोस. रिकाम्या लिफ्टमध्ये दार वाजतं. लोक म्हणायचे, आत कुणीतरी आहे. लोखंड तापतं आणि निवताना वाजतं, एवढंच असतं ते. जन्मभर लोकांना हेच समजावलं मी. हे तसलं नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "ऑपरेशनात तिचा गळा कापल्यावर आवाज गेला होता ना. शेवटी शेवटी ती अशीच करायची. दोन बोटांनी. पाणी हवं, कूस बदलायची, दिवा घालव, सगळ्याला तेच. मला कळायचं नेमकं काय ते."

"आणि आता काय म्हणते?"

"आता काही मागत नाही." तो हसला. "नुसतं उठवते. मग मी जाऊन बघून येतो, काही हवंय का."

तुझा पट्टा मुका आहे, एवढंच तिला सांगायचं होतं. चार शब्द. ते जिभेवर आलेही. तेवढ्यात दादाने डावा हात किंचित उचलला, दार वाजल्यावर माणूस मान वर करतं तसा. "आलो गं," असं पुटपुटून तो उठला आणि स्वयंपाकघराकडे चालू लागला.

ती चार शब्द गिळून घरी आली.

*

तंत्रज्ञाने दादाच्या पट्ट्याची सगळी माहिती काढून पाहिली. "एकदाही थरथरलेला नाही. थरथरेल कसा? मीच बंद करून दिलाय. दगड आहे, दगड."

"नक्की?"

"माझी बायको रुसली तरी बोलेल, पण हा बोलणार नाही."

तिने हसून घेतलं. मग दिवसभर ती आपलं मनगट टेबलाखाली धरून बसली. का, ते तिलाच सांगता आलं नसतं.

*

एक राहिलंच. वहिनी कशी होती?

गप्पिष्ट. नणंदेला लाडाने वन्सं म्हणायची, तेही नाटकातल्यासारखं, पदर सावरल्याचा अभिनय करून. ऐकणारं कुणी असलं की तिच्या जिभेला धार चढायची. दादा खुर्चीत पेंगत असला की सगळ्यांदेखत म्हणायची, "अहो, उठता का, की खुर्चीला पालवी फुटायची वाट बघताय?" घर हसायचं. दादाही हसायचा आणि उठायचा.

वाक्यवालीला आठवायची ती ही वहिनी. वहिनीचा आवाज गेल्यावर वाक्यवाली त्या घरी फारशी गेली नव्हती. गेली की बोलायची सवय व्हायची आणि समोरून काही यायचं नाही. ते तिला सोसत नसे.

*

चाचणीची मुदत संपली. मुके पट्टे बोलके करायचे दिवस आले. मॅडमनी सगळ्यांची वाक्यं तपासायला सांगितली.

दादाच्या नावापुढची जागा रिकामी होती.

ती रिकामी ठेवता आली असती. रिकाम्या जागेवर मशीन साधं 'चला, उठू या' टाकायचं. किंवा तिला तंत्रज्ञाला सांगता आलं असतं, याचा पट्टा राहू दे तसाच. त्याने ऐकलंही असतं. पण जी माणसं दिवसभर एकच काम करतात त्यांना त्या कामाची खोड लागते. नुसत्या भासावर दादा एवढा उठतो, तर खऱ्या वाक्यावर किती उठेल! उद्या भास थांबला म्हणजे? भासाच्या भरवशावर पायातली गाठ सोडायची? असा सगळा विचार तिने केला. विचार चांगलाच होता, हे तिच्या बाजूने म्हणायला हवं.

मसुदा: अहो, उठता का?
मसुदा: अहो, उठता का, की खुर्चीला पालवी फुटायची वाट बघताय?

काचेवर दोन ओळींत बसलं. वाचताना तिला वहिनीचा आवाज ऐकू आला, म्हणजे वाक्य जमलं होतं. तिने बटण दाबलं.

*

त्या दुपारी दादाची रेघ टेकडी ओलांडून पार डोंगर झाली. तो घरभर फिरला. मग घराबाहेर पडला. जिना उतरला. नकाशावरचा त्याचा ठिपका गल्लीच्या तोंडापर्यंत गेला, तिथे घुटमळला, दुकानापाशी गेला, परत आला, पुन्हा गेला. मॅडम येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. तंत्रज्ञाने टाळी वाजवली. कुणीतरी म्हणालं, "वाक्यवाली, पेढे!"

तिचा फोन वाजला.

"छोटे."

"दादा! किती चाललास आज! मी बघतेय इथून, आम्ही सगळेच—"

"चाललो नाही. शोधत होतो."

ती खुर्चीवरून उठली आणि फोन घेऊन जिन्यात गेली.

"मला वाटलं, बोलायला लागली," दादा म्हणाला. त्याला धाप लागली होती. "वाटलं, गळा बरा झाला. सगळ्या खोल्या बघितल्या. मग वाटलं, खाली गेली असेल. दुकानदाराला विचारलं. त्याने मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं." मग म्हणाला, "तिथे कळलं, हे तुझं."

"कशावरून?"

"हे ती तुम्हा सगळ्यांसमोर म्हणायची. तुम्ही असलात की तिला असलं सुचायचं. आम्ही दोघंच असलो की नुसतं 'उठा' म्हणायची. कधी कधी तेही नाही."

"दादा, मला वाटलं—"

"आणि आता खराच थरथरतो हा पट्टा. मधमाशी अडकल्यासारखा. ती अशी करायची नाही गं." मग त्याने विचारलं, "म्हणजे आधी हा थरथरत नव्हता?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही, दादा. तुझा पट्टा मुका होता."

तिला वाटलं, तो चिडेल. तो म्हणाला, "मग बरोबर आहे." आणि जरा वेळाने, "कर पुन्हा मुका."

तिने तंत्रज्ञाकडून पट्टा तिथल्या तिथे मुका करून घेतला. कुणाला न विचारता.

*

टकटक परत आली नाही.

*

रेघ आडवी पडली. ती रोज पान उघडायची, मग दर तासाला, मग उघडंच ठेवायची. त्याला फोन केला की म्हणायचा, "येते का बघतोय." वाट बघायची म्हणून तो जागचा हलत नसे. उठलो आणि तेवढ्यात आली तर? एकदा ती गेली तर दादाच्या घोट्यावर मोज्याचा वण खोल रुतलेला दिसला. पोटरी चमकत होती. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि वाक्यवालीकडे बघून म्हणाले, "गोळीने चालता येत नाही. तुम्ही ते उठवायचं काम करता ना?"

*

आणि मग हे. एका दुपारी ती कुणा निवृत्त कारकुनाच्या आईचं वाक्य नीट करत बसली होती. डाव्या मनगटावर, आतल्या बाजूला, नाडीच्या जरा खाली, कुणीतरी दोन बोटांनी टकटक केलं.

तिच्या मनगटावर पट्टा नव्हता. तिने कधी घातलाच नव्हता. हलवाई कुठे रोज मिठाई खातो, असं ती म्हणायची.

ती उठली. खिडकीपर्यंत गेली. तिथे काही हवं होतं का कुणाला? नव्हतं. परत आली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा झालं, तिसऱ्या दिवशीही. ती उठायची, मधल्या बोळातून पाण्याच्या यंत्रापर्यंत जायची, रिकाम्या मीटिंगच्या खोलीत डोकावायची. "वाक्यवाली स्वतःचीच वाक्यं मनावर घ्यायला लागली," असं तंत्रज्ञ म्हणाला. तिने हसायचा प्रयत्न केला. त्याने मग पुन्हा थट्टा केली नाही.

दादाला सांगावं की सांगू नये, यात चार-पाच दिवस गेले. सांगितलं तर त्याच्या हातचं हिसकावून घेतल्यासारखं होईल. नाही सांगितलं तर तो खुर्चीत बसून, जिथे कुणी येणार नाही तिथे वाट बघत, एक दिवस पडेल.

*

"दादा, मला येतेय."

"काय?"

"टकटक."

दादा खुर्चीत होता. बाहेर लख्ख दुपार, शेजारच्यांचा नळ वाहतोय, आणि तो खिडकीकडे पाठ करून बसलेला. त्याने तिच्याकडे बघितलं ते असं की तिला लहानपणची भांडणं आठवली.

"तुला?"

"हो."

"कुठे?"

तिने दाखवलं. त्याने मान फिरवली.

"माझं दार सोडून तुझ्याकडे कशाला जाईल ती?"

"मला काय माहीत? वाट चुकली असेल."

"ती वाट चुकणाऱ्यातली नव्हती. मी चुकायचो." मग कोरड्या आवाजात, "मग चाल की तू. तब्येत सुधारेल. मला कशाला सांगायला आलीस?"

ती त्याच्या समोरच्या स्टुलावर बसून राहिली. नळ बंद झाला. कुणीतरी बादली ओढत नेली.

"जोरात असते की हलकी?" त्याने विचारलं.

"हलकी."

"पहिली आणि दुसरी सारखीच?"

तिने आठवून पाहिलं. "दुसरी जरा सावकाश. बोट उचलायला वेळ लागल्यासारखी."

दादाने डोळे मिटले. मग हात पुढे केला. "दे इकडे."

तिने डावा हात दिला. त्याने तो आपल्या मांडीवर ठेवला, आणि लिफ्टची तार हाताने चाचपावी तशी बोटं तिच्या मनगटाभोवती धरून, अंगठा नेमका त्या जागी टेकवून बसला. दोघंही वाट बघू लागली. त्याच्या अंगठ्याखाली तिची नाडी उडत होती. तिला वाटलं, यालाच तो टकटक समजेल. पण त्याने मान हलवली. "ही तुझी. कळतं मला."

काही आलं नाही. भिंतीवरचं ऊन सरकून कपाटाच्या पायाशी गेलं. तिची पाठ भरून आली. दादाचा पाय तिच्या समोरच होता, मोजा उतरवलेला, पोटरी फुगलेली. तो इतका स्थिर बसला होता की तिला त्याचा श्वास मोजावासा वाटला. अजूनही काही आलं नाही. येणार नाही, हे तिला कळून चुकलं.

"आली," ती म्हणाली आणि उठली.

त्याने तिचं मनगट सोडलं नव्हतं. हाताबरोबर तोही वर ओढला गेला. आधी कण्हला, मग दुसऱ्या हाताने खुर्ची रेटली आणि उभा राहिला. क्षणभर दोघं झोकांड्या खात होती.

"मला काही लागलं नाही," तो म्हणाला.

"मला लागलं."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिने नजर हटवली नाही.

"चल मग," दादा म्हणाला. "बघून येऊ."

स्वयंपाकघर. ओट्यावर एकच कप उपडा. तिथून खिडकी. तिथून आतली खोली, फरशीवरचे ते चार ठिपके. तो त्यांच्या कडेने गेला, मधून नाही. तीही कडेने गेली. पुन्हा खुर्ची आली. त्याने खुर्चीकडे बघितलं आणि बसला नाही. "अजून एक," म्हणाला. त्याची पकड घट्ट होती, मनगटाला रग लागली होती, पण तिने ते सांगितलं नाही.

"उद्या येशील?"

"येईन."

"रोज कसं जमेल तुला? तुझं ऑफिस?"

"बघते काय ते."

दुसऱ्या चकरेला, खिडकीपाशी, टकटक झाली. दोनदा, हलकी, दुसरी जरा सावकाश. दादाने धरलेल्या डाव्या हाताला नाही, मोकळ्या उजव्या हाताला. तिने तो हात हळूच पदराखाली घेतला आणि चालत राहिली.

लग्न ठरलं त्याच दिवशी वहिनीने दादाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आपल्याला चालायचा भयंकर कंटाळा आहे, काही हवं असलं की उठायचं तुम्हीच.